वनस्पती तेलात हार्डनिंग करताना या चुका टाळा

साकीनाका, कुर्ला किंवा भांडुपमधल्या एखाद्या लहान हीट ट्रीटमेंट कारखान्यात हार्डनिंगसाठी, म्हणजे तप्त पोलाद तेलात बुडवून कठीण करण्यासाठी, खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल वापरायचे ठरते, तेव्हा पहिली चूक बहुधा टाकी रिकामी करतानाच होते. तळाशी साचलेला गाळ, पोलादाच्या खपल्या आणि पाणी तसेच ठेवून वर नवे तेल ओतले जाते, आणि पुढे जॉबवर, म्हणजे हार्डन केलेल्या भागावर, मऊ डाग (नीट कठीण न झालेल्या जागा) दिसले की दोष सोयाबीनच्या किंवा करंजाच्या तेलाला दिला जातो. वास्तविक ताज्या वनस्पती तेलात जॉब थंड होण्याची सुरुवात अधिक जोरदार असते. खनिज तेलात बुडवलेल्या तप्त पोलादाभोवती काही काळ वाफेचे आवरण राहते आणि ते फुटेपर्यंत जॉब सावकाश थंड होतो. वनस्पती तेलातील घटक सहजासहजी उकळत नसल्यामुळे तेथे हे आवरण जवळजवळ तयारच होत नाही.

खरा शत्रू पाणी आहे आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो बोलावल्याशिवाय येतो. गळका पत्रा, उघडी टाकी किंवा ओल्या बास्केटमधून आलेले पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. त्यावर ८०० अंशांचा जॉब गेला की क्षणात वाफ होऊन तेल उसळते, काठावरून सांडते आणि पेट घेऊ शकते. तेलात मिसळलेले पाणी अगदी ०.१ टक्का असले तरी असमान थंडावा, मऊ डाग आणि तडे यांना निमित्त मिळते. शिवाय गरम तेलात पाणी राहिले की मुक्त मेदाम्ले (तेलाचे रेणू फुटून सुटी होणारी आम्ले) वाढतात आणि ताज्या तेलाचा ३०० अंशांच्या आसपासचा, म्हणजे हार्डनिंगच्या बऱ्याच खनिज तेलांपेक्षा वरचा, ज्वलनांक (तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) खाली येऊ लागतो. म्हणून पाळी सुरू करण्यापूर्वी टाकीच्या तळातून काढलेले थोडे तेल लोखंडी पळीत तापवून पाहावे. तडतड ऐकू आली तर त्या टाकीत काम करू नये; आधी तळाचे पाणी सोडावे आणि मग तेल ढवळत, अगदी सावकाश, १०० अंशांच्या थोडे वर नेऊन उरलेला ओलावा घालवावा. टाकीला आग लागल्यास ती पाण्याने विझवू नये, घट्ट झाकण टाकावे.

याच कारणासाठी वडे तळून उरलेले स्वस्त तेल टाकीत घालणे ही काटकसर नव्हे. त्यात मीठ, ओलावा आणि जळालेले पीठ असते आणि ते आधीच बरेच खराब झालेले असते. एकूण ध्रुवीय घटक (तळताना तेल खराब होऊन तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांपेक्षा जास्त झालेले तेल १ जुलै २०१८ पासून खाण्यासाठीही वापरता येत नाही.

ताजे तेलदेखील कायम ताजे राहत नाही. सोयाबीन आणि सूर्यफुलाच्या तेलातील बहुअसंतृप्त मेदाम्ले हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात, तेल दाट होते, जॉबवर चिकट तपकिरी थर बसतो आणि पहिल्या महिन्यात मिळालेला कठीणपणा पुढे हळूहळू घसरतो. थंड करण्याच्या नळ्या तांब्याच्या किंवा झडपा पितळेच्या असतील तर ही क्रिया आणखी वेगाने होते; तेथे साधे पोलाद वापरावे. काम थांबल्यावर टाकी झाकावी, हीटर बंद करावा. पहिल्या दिवसाच्या तेलाची एक भरलेली बाटली अंधारात ठेवावी आणि दर महिन्याला टाकीतील तेलाचा दाटपणा तिच्याशी ताडून पाहावा. त्याच पोलादाचा, त्याच मापाचा तुकडा हार्डन करून, कापून, मधोमध कठीणपणा मोजला तर पृष्ठभागावरच्या आकड्याने होणारी फसवणूक टळते.

तेल जितके थंड तितके चांगले, हा समज पाण्याच्या अनुभवातून आलेला आहे आणि तेलाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. थंड तेल दाट असल्याने जॉबभोवती नीट फिरत नाही; ५० ते ६० अंशांवर ते चांगले काम करते. खोबरेल तर २४-२५ अंशांखाली गोठते, हे डिसेंबरच्या सकाळी मुंबईकरांना बाटलीतच दिसते. एरंडेल सोयाबीनपेक्षा कितीतरी दाट असल्याने ते या कामासाठी घेऊच नये. दुसऱ्या बाजूला लहान टाकी फार लवकर तापते: ४० लिटर तेलात ८४० अंशांचा ५ किलोचा जॉब टाकला तर तेल साधारण ३० ते ३५ अंशांनी चढते, त्यामुळे लागोपाठ जॉब टाकण्यापूर्वी तापमान पाहावे. ईएन ८ या साध्या, मध्यम कार्बनच्या पोलादाचा जाड शाफ्ट तेलात पुरेसा कठीण झाला नाही, तर तो दोष पोलादाच्या निवडीचा असतो. ओएचएनएस (हत्यारांचे पोलाद) किंवा ईएन ३१ (बेअरिंगचे पोलाद) मात्र तेलातच हार्डन करायची पोलादे आहेत.

वनस्पती तेल म्हणजे आपोआप पर्यावरणस्नेही, असेही धरून चालू नये. भारत खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयात करतो, त्यामुळे खाण्याचे तेल टाकीत ओतण्यापेक्षा करंज किंवा कडुनिंबाचे अखाद्य तेल माझ्या मते अधिक सयुक्तिक ठरते. वापरलेले तेल जैवविघटनशील आहे म्हणून गटारात सोडणे तर सरळ बेकायदा आहे; शिवाय ते विघटित होताना पाण्यातील प्राणवायूच खाते. खपल्या गाळून ते बंद पिंपात भरावे, त्यात खनिज तेल मिसळू देऊ नये, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या प्रक्रियादाराकडेच पावती घेऊन द्यावे.