बाई पुढे पाठवताना या चुका टाळा

दुर्गम भागातल्या सरकारी रुग्णालयात रक्तपेढी नसते, भूलतज्ज्ञ नसतो, कधी ऑपरेशन थिएटर बांधून तयार असतं पण चालवायला माणूस नसतो. अशा ठिकाणाहून बाळंतपणात अडलेली, झटके आलेली किंवा रक्तस्राव होत असलेली बाई पुढे, मोठ्या रुग्णालयात, पाठवावीच लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. ती ज्या अवस्थेत पाठवली जाते, ते बघून मात्र जीव तुटतो. मी पाठवणाऱ्या रुग्णालयातही काम केलंय आणि घेणाऱ्याही. चुका त्याच त्या.

चिठ्ठीत उपचार न लिहिणं

सगळ्यात जास्त मी यावर चिडते. झटके आलेली एक गरोदर बाई रात्री आमच्याकडे आली. चिठ्ठीत एवढंच: ‘एक्लम्प्शिया, पुढील उपचारांसाठी रवाना.’ एक्लम्प्शिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके. झटक्यांवरचं औषध मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) दिलं का, किती, किती वाजता, काही नाही. सोबत सिस्टर नाही. सासूबाईंना ‘सुया टोचल्या’ एवढंच ठाऊक. फोन लावला तर ड्युटी बदललेली. औषध न देता थांबावं, तर पुन्हा झटका यायचा. आधी दिलेलं असताना पुन्हा पूर्ण डोस द्यावा, तर श्वास मंदावायची भीती. बाईला कुशीवर वळवलं तेव्हा दोन्ही कुल्ल्यांवर सुईच्या ताज्या खुणा दिसल्या. मग औषध अंगात जास्त झालंय का ते कळायला गुडघ्याचा रिफ्लेक्स तपासला, श्वास मोजले, कॅथेटर घालून लघवी पाहिली आणि त्यावरून पुढचं ठरवलं. दोन ओळींच्या माहितीसाठी हा सगळा खटाटोप, तोही वेळ हातात नसताना.

लिहायला वेळ नव्हता, ही सबब मी ऐकून घेत नाही. माझ्याकडे औषध भरतानाच एक जण औषध, डोस, शिरेतून की स्नायूत आणि वेळ लिहीत जातो. शेवटचा बीपी, नाडी, बाळाचे ठोके, रक्तगट त्याखाली. शिवाय चिकटपट्टीवर ‘मॅगसल्फ १४ ग्रॅम, २.४०’ असं लिहून ती बाईच्या दंडाला लावते. कागद नातेवाइकांच्या पिशवीत हरवतो, पट्टी हरवत नाही.

‘पहिला डोस तिकडे देतील’

नवीन डॉक्टर मॅगसल्फला घाबरतात आणि गाडी बोलावून मोकळे होतात. वाटेत झटका आला की त्या गाडीत कोण काय करणार? पहिला डोस निघण्याआधीच द्यायचा: ४ ग्रॅम पातळ करून शिरेतून सावकाश आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं, म्हणजे १४ अँप्यूल लागतात. मी त्या एका डब्यात मोजूनच ठेवते, कॅल्शियम ग्लुकोनेटसकट, तो मॅगसल्फवरचा उतारा. शीर मिळत नसेल तर निदान कुल्ल्यांतले १० ग्रॅम तरी द्या. बीपी १६०/११० किंवा त्याहून वर असेल तर त्याचंही औषध निघण्याआधीच सुरू करा.

रक्त डोळ्यांनी मोजणं

नजरेचा अंदाज बहुतेकदा कमीच निघतो. त्यात तरुण बाईचा बीपी बरंच रक्त जाईपर्यंत टिकून राहतो आणि आपण निर्धास्त होतो. नाडी बघा. नाडीला वरच्या बीपीने भागून ०.९ किंवा जास्त आलं तर धोका आहे. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, १० मिनिटांत, बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत. दर १५ मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो. म्हणून गाडीची वाट बघत बसू नका. दोन जाड कॅन्युला (शिरेत बसवायच्या नळ्या) आधी लावा. हातपाय गार पडल्यावर शीर सापडत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. अडलेल्या बाईची ऑक्सिटोसिनची (कळा वाढवणाऱ्या औषधाची) सलाईन चालू ठेवून पाठवू नका, गर्भपिशवी फाटू शकते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात मात्र तीच सलाईन चालू राहिली पाहिजे. हा फरक सोबतच्या सिस्टरला तोंडी सांगा. गरोदर बाईला उताणी झोपवू नका, डाव्या कुशीवर ठेवा. वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी, असल्याचा संशय असेल तर आतून तपासणी करायचीच नाही. अँटी-शॉक गारमेंट (रक्तस्रावात पाय आणि पोटाला आवळून बांधायचा पट्ट्यांचा पोशाख) वाटेत कुणीही सोडायचं नाही.

आणि फोन. ‘सरकारी आहे, घेतीलच’ म्हणून न कळवता गाडी सोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का, या गटाचं रक्त आहे का, हे विचारून मगच गाडी कुठे न्यायची ते ठरवा. नाहीतर बाई एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहते. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव चिठ्ठीवर लिहा, आणि रक्त देऊ शकतील असे नातेवाईक सोबत पाठवा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून बाईचं आणि बाळाचं काय झालं ते विचारा आणि रेफरल रजिस्टरमध्ये नोंदवा. तो रकाना रिकामा असेल तर मी महिन्याच्या बैठकीत रजिस्टरवर सही करत नाही.