पेशी फ्रीझ करताना या चुका टाळा (सांगून सांगून थकलोय)

पेशी मेल्या की पहिल्या शिव्या डीएमएसओला (गोठताना पेशींना बर्फापासून वाचवणारा द्रव). तो बिचारा १९५९ पासून हेच काम करतोय, घोळ बहुतेक वेळा आपलाच असतो.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे व्हायल (पेशींच्या छोट्या कुप्या) उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये "तात्पुरत्या" ठेवणं. रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत हलवा, एवढंच तर आहे. पण "उद्या बघू" म्हणतात आणि महिने जातात. उणे ८० ला व्हायल दगडासारखी दिसते पण आत थोडं पाणी अजून गोठलेलं नसतं, बर्फाचे कण हळूहळू मोठे होत राहतात, त्यात दिवसभर कोणीतरी दार उघडतंच. साधारण उणे १३० च्या खाली गेल्यावर कुठे हे सगळं थांबतं. आमच्याकडे एकाने ट्यूमरमधून काढलेल्या पेशींच्या २० व्हायल अशाच सात महिने ठेवल्या, पुन्हा मिळणार नव्हत्या त्या. पहिली काढली, ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळा करणारा रंग) टाकला, जवळपास सगळं निळं. दुसरी निळी, तिसरी पण निळी. रजिस्टरमध्ये "टाकीत हलवल्या" लिहिलेलं आणि खाली सही माझी, न बघता केलेली. तेव्हापासून मोबाईलला अलार्म लावतो, व्हायल स्वतः हलवतो, आणि आठवड्याने एक थॉ करून (वितळवून) बघतोच. एक व्हायल वाया गेली म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवतो.

दुसरं म्हणजे घाई. मिनिटाला साधारण १ अंश थंड व्हायला हवं. फार झटपट केलं तर पेशीच्या आतच बर्फ होतो, फार रेंगाळलं तर पाणी बाहेर जाऊन ती आक्रसते. आयसोप्रोपॅनॉलचा डबा (फ्रीझरमध्ये व्हायल हळूहळू थंड करणारा) वापरत असाल तर पाच वेळा वापरल्यावर द्रव बदला, आणि डबा रूम टेंपरेचरला असू द्या, कालचा थंडगार डबा तसाच वापरू नका. थॉ करताना मात्र उलटं, ३७ अंशाला पटकन, कणभर बर्फ उरला की बाहेर, मग मीडियम (पेशी वाढवायचा द्रव) थेंबाथेंबाने. इथे भसकन ओतणारे बघितले की डोकं फिरतं.

फ्लास्क पूर्ण भरून आठवडा झालेल्या पेशी फ्रीझ करू नका, वाढत्या घ्या. व्हायल द्रवात बुडवू नका, वाफेत ठेवा, आत नायट्रोजन शिरला तर बाहेर काढताना फुटते, फेस शील्ड घाला. टिश्यू असेल तर तुकडे लहान करा, डीएमएसओ आत पोचायला वेळ लागतो.

आणि साध्या पेनाने नाव लिहू नका रे, अल्कोहोलने पुसलं की कोरी व्हायल.