मूडलमधली कॉम्पिटन्सी: शिक्का कोणी मारायचा?

सातपूर एमआयडीसीत आयटीआय झालेल्या पोरांना मी मेजरमेंट शिकवते. थिअरी मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली), हात वर्कशॉपमध्ये. पोरांना कामावर घ्यायला येणारा सुपरवायझर एकच विचारतो, "व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं उपकरण) येतं का याला?" क्विझमधले 20 पैकी 18 त्याच्या काय कामाचे? त्यासाठीच मूडलची कॉम्पिटन्सी वापरायची, म्हणजे पोराला नेमकं कुठलं काम येतं याची नोंद. 2016 च्या 3.1 आवृत्तीपासून ती आतच आहे, वेगळं प्लगिन लागत नाही.

संगणक उघडण्याआधी कागद घ्या. 'मापन उपकरणांचे ज्ञान' असं लिहिलंत तर तपासणार काय? माझं वाक्य असं असतं: 'झीरो एरर बघून, 0.02 मिमी लीस्ट काउंटच्या व्हर्निअरने जॉबचा बाहेरचा डायमीटर मोजतो.' झीरो एरर म्हणजे उपकरण बंद असतानाच दिसणारी चूक, लीस्ट काउंट म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, जॉब म्हणजे मोजायची वस्तू. मेन स्केलवर 24, व्हर्निअरची 17 वी रेघ जुळली, म्हणजे 24.34 मिमी. सिन्नरहून पहिल्या बसने आलेलं पोरगं हे समोर उभं राहून एक तर सांगतं, नाही तर रेघा शोधत बसतं. अशी सात-आठ वाक्यं एका विषयाला पुरे. चाळीस केलीत तर भरणार कोण?

मग स्केल. पायऱ्या कमीकडून जास्तीकडे, स्वल्पविराम देऊन लिहायच्या: 'अजून नाही, मदतीने, स्वतंत्रपणे'. साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये कॉम्पिटन्सी फ्रेमवर्क (या वाक्यांची यादी) बनवताना हे स्केल निवडा आणि कॉन्फिगर करा: प्रोफिशियंट (म्हणजे 'काम येतं') कुठली पायरी, डीफॉल्ट कुठली. आपोआप पूर्ण झालं तर जी पायरी मिळते ती डीफॉल्ट. 'मदतीने'ला प्रोफिशियंट करू नका. लाइनवर मदतीला कोण रिकामं बसलंय? हे सगळं आधीच ठरवा, कारण रेटिंग पडायला लागलं की स्केल बदलता येत नाही. अ‍ॅडमिनचे अधिकार तुमच्याकडे नसतील तर ज्यांच्याकडे आहेत त्यांना चहा पाजा.

कोर्समध्ये 'मोअर'खाली कॉम्पिटन्सीज सापडेल, तिथून वाक्यं जोडा. खरी गोम पुढे आहे. प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये कॉम्पिटन्सी जोडली की अ‍ॅक्टिव्हिटी पूर्ण झाल्यावर काय करायचं, याचे चार पर्याय येतात: काहीच नको, पुरावा जोडा, रिव्ह्यूला पाठवा, कॉम्पिटन्सी पूर्ण करा. चौथा फार मोहाचा. पण व्हिडिओला 'बघितला की पूर्ण' अशी अट असेल, तर पोरगं नुसतं पान उघडून कुशल कामगार होतं! व्हिडिओ-क्विझला मी 'पुरावा जोडा' ठेवते, प्रॅक्टिकलच्या असाइनमेंटला 'रिव्ह्यूला पाठवा'. पायरी मी वर्कशॉपमध्ये बघून देते. रेटिंगच्या खिडकीत नोट्सचा चौकोन असतो, तो मोकळा सोडू नका. "रीडिंग बरोबर, जॉ तिरका धरतो" एवढं लिहिलं तरी पोराला कळतं काय सुधारायचं.

वर्गाचं चित्र 'कॉम्पिटन्सी ब्रेकडाउन' रिपोर्टमध्ये दिसतं, पण एका वेळी एकाच पोराचं. सगळी बॅच एका तक्त्यात हवी असेल तर एक्सेल आहेच.

दर बॅचला तेच तेच करायचं नसेल तर लर्निंग प्लॅन टेम्प्लेट (कुठल्या कॉम्पिटन्सी मिळवायच्या त्याचा साचा) करून कोहोर्टला (पोरांच्या गटाला) लावा. नवी पोरं कोहोर्टमध्ये टाकली की प्लॅन मागोमाग येतो. लगेच दिसला नाही तर घाबरून पुन्हा पुन्हा लावू नका, क्रॉन (मूडलची ठरावीक वेळाने आपोआप चालणारी कामं) चालू दे.