डाळिंबाला निमॅटोड? आधी पांढरी मुळी बघा

झाडं पिवळी पडली, फळ फुगेना, की आमच्या सांगोल्याकडं (सोलापूर जिल्हा) पहिली धाव दुकानाकडं. झिंक सोड, फेरस सोड, ह्युमिक सोड. पण मुळीत निमॅटोड, म्हणजे डोळ्याला न दिसणारे सूक्ष्म कृमी, शिरले असतील तर झाडाचं तोंडच बांधलेलं. तोंड बांधलेल्याला पंगतीत बसवून काय उपयोग? मी सांगते, आधी खुरपं घ्या.

वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी) असताना ड्रिपरखालची माती वीतभर हळूच सारा. कुदळ नको, बारीक पांढरी मुळी तुटून मातीतच राहते आणि आपल्याला नेमकी तीच बघायचीय. बादलीतल्या पाण्यात हलवून धुवा. मुळीवर मोहरीएवढ्या, कुठं ज्वारीएवढ्या गाठी ओळीनं दिसतील. नखानं खरवडा. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ चटकन सुटते, ही सुटत नाही, कारण इथं मुळी स्वतःच फुगलेली असते. आत बसलेली निमॅटोडची एक मादी काही शे अंडी घालते. उन्हाळी गरम मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार. शिवाय या जखमांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते, ते दुखणं वेगळंच.

गाठी किरकोळ असल्या तरी नमुना तपासून घ्या. मेलेल्या झाडाखालची माती नेऊ नका. खायला मुळी उरली नाही की तिथली संख्याही घसरते. नुकती पिवळी पडू लागलेली दहा-बारा झाडं निवडा. वरचा थर बाजूला सारून 15 ते 30 सेंमी खोलीची माती घमेल्यात एकत्र करा. त्यातली अर्धा किलो माती आणि सोबत 10 ग्रॅम पांढरी मुळी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. चांगल्या झाडांचा नमुना वेगळा. खताच्या परीक्षणाला माती वाळवतात, तसं इथं अजिबात करायचं नाही. निमॅटोड जिवंत असतील तरच नीट मोजता येतात. पिशवी उन्हात गाडीच्या डिकीतही ठेवू नका.

लॅब लांब असेल तर तीच माती कुंडीत भरून टोमॅटोचं रोप लावा, फक्त निमॅटोडला प्रतिकारक वाण नको. पाच-सहा आठवड्यांनी उपटा, मुळंच सांगतील.

उपाय एकट्या बाटलीत नाही. बहार धरताना (फुलोऱ्यासाठी बाग तयार करताना) शेणखतात पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही निमॅटोडवर जगणारी मित्रबुरशी मिसळून द्या, सोबत निंबोळी पेंड. बेडवर झेंडू लावा आणि तीन-चार महिने राहू द्या. फ्लुओपायरम या निमॅटोडनाशकाची आळवणी करायची (पाण्यातून मुळाशी ओतायचं) तर लेबलवरच्या मात्रेनं, ओल्या मातीत, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही लेबलवर बघून. फोरेट या जुन्या दाणेदार औषधावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. कुणी जुना माल पुढं केला तर लांबूनच हात जोडा. आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी नकोच, ही निमॅटोडची आवडती पिकं.

नवी लागण करणार असाल तर गुटी रोपं (फांदीलाच मुळ्या फोडून केलेली) आणताना दोन-तीन पिशव्या तिथंच फाडून मुळ्या बघा. नर्सरीवाला कुरकुरला तर त्या रोपांचे पैसे देऊन टाका, पण गाठ दिसली तर गाडी रिकामी आणा.