लबाड ससा, चिडका लांडगा: वीस सेकंदांचा पाठलाग अ‍ॅनिमेट करताना

ससा दाराआड उभा आहे, लांडग्याला आत घुसायचंय. लांडगा दार ढकलतो, मग लाथ मारतो, शेवटी लांबून धावत येतो. नेमक्या त्याच वेळी ससा दार उघडतो. दारापलीकडे कडा आहे.

पहिली खोडी लांडग्याचीच हवी. सशाने विनाकारण कुरापत काढली तर प्रेक्षकाला लांडग्याची दया येते आणि फजितीतली गंमत जाते. सशाची हालचालही कमीत कमी ठेवा. लांडगा जेवढा आकांडतांडव करेल, तेवढा ससा शांत उभा.

चित्रं काढायच्या आधी वेळ वाटून घ्या. 1940 च्या दशकातल्या वॉर्नर ब्रदर्सच्या लघुपटांचं टायमिंगही आधी कागदावर ठरायचं आणि मग रेखाटन सुरू व्हायचं. सेकंदाला 24 फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर प्रतिमा) धरल्या तर 20 सेकंदांच्या 480 होतात. पहिल्या ढकलण्याला 96 द्या, लाथेला 72. दुसरा प्रयत्न आखूडच हवा, कारण दार हटणार नाही हे प्रेक्षकाला आता कळलेलं असतं. मागे सरून पाय रोवायला 48, धावायला 36, दार उघडून आरपार जायला फक्त 12. हवेत 72, पडायला 48, शांतता आणि आपटणं मिळून 24. उरलेल्या 72 सशाच्या.

खरी मेहनत हवेतल्या 72 फ्रेमवर घ्या. नवशिके पडण्यावर आणि धुरळ्यावर चित्रं उधळतात, पण हसू पडण्याच्या आधी येतं, लांडग्याला कळतं त्या क्षणी. 16 फ्रेम तो नुसता थांबलेला. 20 फ्रेम पायाने जमीन चाचपतो. 8 फ्रेममध्ये खाली बघतो. मग चेहरा प्रेक्षकाकडे आणि 28 फ्रेम होल्ड, म्हणजे तीच पोझ धरून ठेवायची. हा होल्ड एकाच चित्रावर ठेवला तर फिल्म अडकल्यासारखी वाटते. म्हणून तेच चित्र तीनदा गिरवून आलटून पालटून वापरा, किंवा एक कान हळूच पाडा. मध्ये एक पापणी मिटवा: मिटायला 2, बंद 2, उघडायला 3 फ्रेम.

पडताना धड आधी जातं, मान ताणली जाते, डोकं 8 फ्रेम मागे राहतं. पुढच्या 40 फ्रेम वरून घेतलेला शॉट, त्यात लांडगा लहान होत ठिपका होतो. मग 14 फ्रेम काहीच नाही आणि शेवटच्या 10 मध्ये धुरळा. मधली शांतता कापू नका. ती गेली की आपटणं फिकं पडतं.

इतरत्र एक चित्र दोन फ्रेम चालतं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. धावण्याचं तसं नाही. तिथे पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते आणि लांडगा दोन-दोन फ्रेमवर असला तर तो थरथरतो. ते शॉट एक-एक फ्रेमवरच काढा, पाऊल 4 फ्रेमचं. दारातून जाताना ताणलेलं, फराटा मारल्यासारखं चित्र एकच फ्रेम असू द्या. तीन ठेवली तर डोळा ते पकडतो. ताण देताना आकारमान सांभाळा. उंची दीडपट झाली तर रुंदी दोन तृतीयांश व्हायला हवी, नाहीतर लांडगा फुगल्यासारखा दिसतो.

मुख्य पोझेस काळ्या रंगाने भरून बघा. नुसत्या सावलीवरून काय चाललंय ते कळत नसेल तर हात अंगापासून बाहेर काढा.

संगीताचा ठेका 12 फ्रेमचा ठेवला तर मिनिटाला 120 ठोके पडतात. धावताना तो 8 वर आणा, म्हणजे 180. हवेतल्या होल्डवर संगीत पूर्ण बंद. आपटल्याचा आवाज धुरळ्याच्या पहिल्याच फ्रेमवर टाका. एखादी फ्रेम उशीर खपतो, पण आवाज आधी आला तर लगेच खटकतं.

कच्च्या रेघांचं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे ठरलेल्या वेळेनुसार लावलेल्या कच्च्या चित्रांची फिल्म, आवाजाशिवाय कुणाला तरी दाखवा. लांडग्याला उशिरा कळलं असं पाहणारा म्हणाला तर चाचपणीच्या 20 मधल्या 4 फ्रेम काढा. कळलंच नाही म्हणाला तर 4 फ्रेम सशाच्या वाट्यातून घेऊन खाली बघण्याला द्या.