बी-गर्लची पहिली फेरी: चाळीस सेकंद कशी बांधायची

ब्रेकिंग नाचणारी मुलगी म्हणजे बी-गर्ल. बॅटलमधली, म्हणजे समोरासमोरच्या सामन्यातली, पहिली फेरी ताकद कमी पडल्याने क्वचितच फसते. शेवट ठरलेला नसतो, म्हणून ती फसते. नाचणारी जोरात आत येते, पंधरा सेकंदांत सगळं दाखवून टाकते आणि मग बाहेर कसं पडायचं हे शोधत जमिनीवर गोल फिरत राहते. म्हणून फेरी बांधायला शेवटाकडून सुरुवात करा: आधी फ्रीझ (स्थिर धरलेली पोझ), मग त्यात नेणारं फुटवर्क (हात टेकून जमिनीलगत केलेलं पायकाम), आणि टॉपरॉक (उभ्याने नाचणं) सर्वांत शेवटी.

आधी हिशोब मांडा. ब्रेकिंगची गाणी साधारण ११० ते १३० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला तितक्या ठोक्यांची असतात. १२० बीपीएमला आठ काउंट (ठोके) चार सेकंदांत संपतात, म्हणजे चाळीस सेकंदांत असे दहा तुकडे बसतात. ११० ला त्याच दहा तुकड्यांना सुमारे ४४ सेकंद लागतात. पहिल्या फेरीसाठी वाटणी अशी: टॉपरॉक तीन, खाली जाणं एक, फुटवर्क चार, फ्रीझ एक, उठून बाहेर पडणं एक. पॉवर मूव्हला (अंग गोल फिरवणाऱ्या कसरतींना) जागा ठेवलेली नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली परीक्षकांनी तंत्र, शब्दसंग्रह, सादरीकरण, संगीताची जाण आणि वेगळेपण हे पाच निकष लावले, पाचांनाही सारखंच वजन देऊन. त्यात पॉवरचा वेगळा रकाना नव्हता. तिथे सुवर्णपदक मिळवणारी जपानची आमी तिच्या वाहत्या, सलग फुटवर्कसाठी ओळखली जाते. रौप्य लिथुआनियाच्या निका हिला आणि कांस्य ‘६७१’ या नावाने नाचणाऱ्या चीनच्या बी-गर्लला मिळालं. तिघींच्या फेऱ्या आवाज बंद करून पाहा, मग आवाज लावून पुन्हा पाहा. कोण कुठे थांबते हे दुसऱ्या वेळी कळतं.

फ्रीझ

बेबी फ्रीझ पुरेसा आहे. एक कोपर त्याच बाजूच्या कमरेत, कुल्ह्याच्या हाडाच्या किंचित आत रुतवा. दुसऱ्या हाताचं कोपर काटकोनात वाकवा, म्हणजे त्यावर गुडघा टेकायला फळी तयार होते. डोक्याची बाजू जमिनीला लागते, पण भार दोन्ही तळहातांवर राहतो. मान दुखत असेल तर भार डोक्यावर गेला आहे: बोटं पसरा, हात एकमेकांच्या थोडे जवळ आणा, कुल्हे वर उचला. कोपर सतत घसरत असेल तर ते पोटाच्या मऊ भागात रुतलंय, हाडाजवळ नाही. फ्रीझ किमान दोन काउंट पूर्ण थांबला पाहिजे. अर्धा काउंट थांबलेला फ्रीझ बघणाऱ्याला तोल गेल्यासारखाच दिसतो.

फुटवर्क

सिक्स-स्टेप हा पाया. पुश-अपच्या स्थितीतून सुरू करा. एक: डावा पाय उजव्याच्या पुढून आडवा आणा, उजवा हात उचला. दोन: उजवा पाय पुढे येऊन डाव्याला मागून अडकतो. तीन: डावा पाय सुटून बाहेर जातो, तुम्ही खेकड्यासारख्या उघड्या बसलेल्या असता. चार: उजवा पाय डाव्याच्या पुढून आडवा. पाच: डावा पाय मागे लांब. सहा: उजवा मागे, पुन्हा पुश-अप. पाय एकाआड एक, डावा-उजवा चालतात. कोणताही पाय लागोपाठ दोनदा हलला तर पायरी चुकली समजा.

इथे हमखास होणाऱ्या चुका तीन. कुल्हे जमिनीला टेकतात, कारण भार हातांवर न घेता टाचांवर बसलं जातं. पायाच्या चवड्यांवर राहा. नजर जमिनीवर खिळते. तिसऱ्या पायरीला हनुवटी वर घ्यायची सवय लावा, समोरची तिथेच दिसते. आणि सहा पायऱ्या आठ काउंटवर कशा बसवायच्या, हा प्रश्न कुणी सोडवतच नाही. सोपा मार्ग असा: सहा पायऱ्या सहा काउंटला, सात आणि आठला एक किक किंवा थांबा. चार तुकड्यांपैकी दोन असे करा, तिसरा उलट दिशेने, चौथ्यात वेग अर्धा करा. वेग बदलला की तेच पाय नवे वाटतात. संगीताची जाण म्हणतात ती नवशिक्या फेरीत बहुतेक इथेच दिसते.

खाली जाताना

गुडघ्यावर पडणारे ड्रॉप पहिल्या फेरीत नकोत. कडक फरशीवर, अंग गरम झालेलं नसताना, तेच सगळ्यांत जास्त दुखावतात. चवड्यांवर खाली बसा, एक हात टेकवा, दुसरा टेकवून पाय मागे सोडा. एवढं स्वच्छ केलं तरी पुष्कळ झालं.

टॉपरॉक, आणि हात

इंडियन स्टेप: एकला उजवा पाय डाव्याच्या पुढून तिरका, छाती त्या बाजूला वळते, हात उघडतात, दोनला पाय जागेवर, हात मिटतात, तीन-चार डाव्या पायाने. गुडघ्यांतला हलका उसळा कधी थांबत नाही. तो थांबला तर हे नुसतं चालणं आहे.

पाय बसले की हात रिकामे वाटू लागतात. इथे शेजारच्या शैलींकडे जा. लॉकिंगचे मनगट फिरवणे आणि बोट रोखणे टॉपरॉकमध्ये सुंदर बसतात. लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेलसोबत द लॉकर्स हा गट उभा करणारी टोनी बेसिल ही स्त्रीच होती. वॅकिंगचे खांद्यामागून फिरणारे हात १९७० च्या दशकातल्या त्याच शहरातल्या समलिंगी समाजाच्या क्लबमधून आले. ते घेताना कुठून घेतले हे माहीत असू द्या, विचारल्यावर सांगा. दुसरीची सलग जोडणी जशीच्या तशी उचलणं मात्र वेगळं. त्याला बाइटिंग म्हणतात आणि परीक्षक ते ओळखतात. मूळ पायऱ्या सगळ्यांच्या, जोडणी ज्याची त्याची.

रोझी पेरेझने १९९० पासून फ्लाय गर्ल्स या गटाचे नाच टीव्हीसाठी बसवले, पॅरिस गोबेलने २०२३ मध्ये रिहानाचा सुपर बोलचा कार्यक्रम बसवला. दोन्हीकडे कॅमेरा हीच समोरची बाजू. सायफरमध्ये, म्हणजे नाचणारीभोवती जमलेल्या वर्तुळात, प्रेक्षक चहूबाजूंनी असतात. आरशासमोर बसवलेली फेरी वर्तुळात म्हणूनच पाठमोरी पडते. शेवटचा आठवडा आरसा झाकून, प्रत्येक वेळी वेगळ्या कोपऱ्याकडे तोंड करून सराव करा. फ्रीझ मात्र प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करूनच संपला पाहिजे.

अंग आणि कपडे

मनगटांना रोज पाच मिनिटं द्या: गोल फिरवणं, तळहात टेकवून पुढे-मागे झुकणं, मुठीवर भार. फुटवर्कमध्ये सर्वाधिक मार मनगटांनाच बसतो. केस मानेशी खाली बांधा; टाळूवरचा अंबाडा हेड फ्रीझला आडवा येतो, लांब शेपटा हाताखाली सापडतो. टी-शर्ट खोचा किंवा आत घट्ट बनियन घाला, नाहीतर उलटं झाल्यावर कापड तोंडावर येतं आणि लक्ष तिकडेच जातं. कानातले, अंगठ्या काढा. पँटच्या आत पातळ नी-पॅड चालतात.

सराव

सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिले दोन फक्त फ्रीझ आणि सिक्स-स्टेप, दोन्ही बाजूंनी. पुढचे दोन तुकडे जोडण्यात. शेवटचे दोन अनोळखी गाण्यांवर पूर्ण फेरी, एका बैठकीत पाचपेक्षा जास्त नाही. बॅटलमध्ये गाणं डीजे ठरवतो, म्हणून एकाच गाण्यावर पाठ केलेली फेरी तिथे कोसळते. गाणी मैत्रिणीला लावायला सांगा, तुम्ही निवडू नका.

वर्तुळात उतरताना पहिले चार काउंट फक्त ऐका, बीट सापडला की पाय टाका. प्रतिस्पर्ध्याला स्पर्श करायचा नाही. मुलींनी एकमेकींसमोर सौम्य नाचावं अशी अपेक्षा कुणी केली तर ती मनावर घेऊ नका. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधली ११ ऑगस्ट १९७३ ची पार्टी, जिच्यापासून हिप हॉपचा जन्म मोजतात, ती सिंडी कॅम्पबेलने ठरवली होती; डीजे होता तिचा भाऊ कूल हर्क. रॉक स्टेडी क्रू या ब्रेकिंगच्या गटात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बेबी लव्ह ही बी-गर्ल होती. बी-बॉय समिट ही ब्रेकिंगची मोठी परिषद १९९४ मध्ये सुरू केली ती एशिया वन या बी-गर्लने. वर्तुळात तुम्ही पाहुण्या नाही.

पाय घसरला तर थांबू नका. जिथे पडलात तिथूनच पुढचा आठ काउंटचा तुकडा सुरू करा. तुकडे सुटे पाठ केलेले असतील तरच हे जमतं. फ्रीझ धरा, दोन मोजा, उठा, समोरचीकडे पाहत मागे चालत बाहेर या. आणि दुसऱ्या फेरीसाठी फुटवर्कचा एक तुकडा अजिबात न दाखवता मागे ठेवा.