औषध दुकानाच्या काउंटरवरून मानवी तस्करीची लक्षणे कशी ओळखावीत

दुकानात आलेल्या माणसाशी आपला संबंध जेमतेम दोन-तीन मिनिटांचा असतो, म्हणून सर्वप्रथम बोलते कोण, याकडे लक्ष द्यावे. दुखणे मुलीचे असते. मात्र तिचे नाव, वय आणि त्रास सोबतचा माणूसच सांगतो, पैसे तोच देतो आणि पिशवीही तोच उचलतो. अर्थात आपल्याकडे सुनेसाठी सासूने बोलणे ही रोजचीच गोष्ट असल्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

संशय बळावतो तो पुनरावृत्तीने. एकच इसम दर काही दिवसांनी निरनिराळ्या मुलींसाठी गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागत असेल, किंवा अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या गोळीच्या वेगवेगळ्या रुग्णांच्या नावांच्या चिठ्ठ्यांवर अक्षर एकाच हाताचे दिसत असेल, तर एच-१ नोंदवहीची, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणाऱ्या वहीची, मागील पाने उलटून पाहावीत. ही नोंदवही तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहेच. ती निरीक्षकापुरती भरायची असते, हा समज मात्र सोडून द्यावा. वेठबिगारीची लक्षणे निराळी असतात. मुकादम मजुरांसाठी भाजल्याचे मलम आणि वेदनाशामक गोळ्या वारंवार नेतो, पण जखमी मजूर कधीच समोर येत नाही आणि डॉक्टरांचे नाव काढताच तो विषय टाळतो.

औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला समजावून सांगणे फार्मासिस्टचे कामच आहे, आणि त्या निमित्ताने थेट तिच्याशी बोलता येते. ‘आधी कोणत्या गोळीची अ‍ॅलर्जी झाली होती का?’ असे तिलाच विचारावे आणि उत्तर कोण देते ते पाहावे. सोबतचा माणूस दूर असेल तरच, ‘कोणाला फोन लावून देऊ का?’ असे हळू आवाजात विचारावे. मुलगी बंगाली किंवा तेलुगू बोलणारी असेल, तर ती भाषा जाणणारा सहकारी असल्यास त्याला पुढे करावे. पिशवीत मदतीच्या क्रमांकाची चिठ्ठी सरकवू नये, कारण पिशवी बाहेर तपासली जाते आणि मार तिला बसतो. त्यापेक्षा १०९८ (मुलांसाठी), १८१ (महिलांसाठी) आणि ११२ (तातडीच्या मदतीसाठी) हे क्रमांक वजनकाट्यासमोर ठळक लावावेत, म्हणजे वजन करताना ते सहज नजरेस पडतात.

त्या माणसाला जाब विचारू नये, पाठलाग करू नये आणि मुलीचे छायाचित्र केमिस्टांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. धोका तातडीचा वाटल्यास ११२ वर कळवावे. मुलगी अठरा वर्षांखालील दिसत असेल आणि लैंगिक शोषणाची शंका असेल, तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे हे आपले काम नव्हे. फक्त वेळ, बिल क्रमांक आणि दिसल्यास वाहनाचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि सीसीटीव्हीच्या चित्रणाची प्रत त्याच संध्याकाळी काढून घ्यावी, कारण काही दिवसांतच त्यावर नवे चित्रण चढते.